सिंधूमावशींची लाइन

सिंधूमावशींनी फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. ‘येस, बोला,’ म्हणायच्या, आणि तेही अशा आवाजात की पलीकडचा माणूस, मग तो त्यांचा सख्खा भाऊ का असेना, आधी आपलं नाव-गाव सांगून मोकळा व्हायचा. एरवी त्यांचा आवाज थोडा बसका होता, वाक्यातले शेवटचे शब्द तोंडातल्या तोंडात राहायचे. फोन हातात आला की तोच आवाज परीटघडीचा व्हायचा. पहिल्यांदा भिंतीपलीकडून ऐकला तेव्हा मला वाटलं, अर्चनाकडे आणखी कुणी पाहुणी आली आहे.

भिंतीपलीकडून म्हणजे अक्षरशः. मिशिगनमधल्या नोव्हायला आम्ही राहायचो त्या अपार्टमेंटच्या भिंती इतक्या पातळ होत्या की शेजारी पापड मोडला तरी ऐकू यायचा. दोन हजार पाच साल. माझा नवरा मिलिंद मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरीला बंदी, म्हणजे कॉम्प्युटरची पदवी बॅगेत आणि मी स्वयंपाकघरात. शेजारच्या घरात अर्चना आणि प्रशांत. ते दोघं उन्हाळ्यात टेक्ससमधल्या फ्रिस्कोहून नव्या प्रोजेक्टवर आले होते. अर्चनाला दिवस गेले होते, फेब्रुवारीअखेरची तारीख दिली होती, आणि बाळंतपणासाठी तिची आई दिवाळी आटोपून नागपूरहून आली. वडील गुडघ्यांमुळे मागेच राहिले.

मावशी ठेंगण्या, पण बसायच्या अशा ताठ की सोफ्याची पाठ त्यांच्यासाठी नसल्यातच जमा. सुती साडी, वर जावयाचा करडा स्वेटर, पायांत पांढरे बूट. मान कायम जराशी उजवीकडे वळलेली असायची आणि डावा कान पुढे. समोर बसून बोललं तरी त्या डावाच कान द्यायच्या. तीस वर्षं त्या कानावर हेडफोन होता. विदर्भातल्या एका गावच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. बाहेरगावी फोन करायचा तर आधी नंबर बुक करायचा, मग तासन् तास वाट बघायची, आणि शेवटी एक बाई ‘बोला, पार्टी लाइनवर आहे’ म्हणायची, त्या काळातल्या त्या बाई. दोन माणसं जोडून दिली की ऑपरेटरचं काम संपतं, असा माझा समज होता. मावशींनी तो पहिल्याच आठवड्यात मोडीत काढला. दोघंही बोलायला लागल्याचं ऐकल्याशिवाय ऑपरेटर लाइन सोडत नाही. घरातसुद्धा त्या नागपूरला फोन लावून अर्चनाच्या हातात द्यायच्या, ‘बोल, बाबा लाइनवर आहेत’ म्हणायच्या, आणि बापलेकींचं बोलणं सुरू होईपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या. अर्चना वैतागायची. मावशी हलायच्या नाहीत.

आणि मावशी घाबरट होत्या. हे मी आज प्रेमाने म्हणते आहे, तेव्हा हसून म्हणायचे. बर्फाला, सरकत्या जिन्याला, इथल्या इंग्रजीला त्या मुळीच घाबरल्या नाहीत. त्या घाबरायच्या घरातल्या फोनला.

अर्चनाकडे, आणि आमच्याकडेही, भिंतीतून येणारा साधा फोन नव्हता. इंटरनेटवरून चालणारा होता. टीव्हीशेजारी तीन डब्या एकीवर एक रचलेल्या आणि सगळ्यांत वरच्या डबीला टेलिफोन जोडलेला. भारतात बोलायला तो फार सोयीचा पडायचा, म्हणून आमच्यातल्या झाडून सगळ्यांनी तोच घेतला होता. त्याची दुसरी सोय अशी की प्रोजेक्ट संपला, गाव बदललं, तर डबी बॅगेत घालायची आणि नव्या घरात जोडायची. नंबर जुनाच. प्रशांतचा नंबर टेक्ससचा होता. मिलिंद पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला शिकायला होता, तेव्हा आमचा तिथला. कुणाचाही फोन नंबर बघितला की त्याचं मागचं बिऱ्हाड कळायचं. ‘आई, नंबर आपल्यासोबत फिरतो,’ असं प्रशांतने कौतुकाने सांगितलं. मावशी नुसत्या त्या डबीकडे बघत राहिल्या.

त्या आल्यानंतर तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. मावशी उभ्या. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात प्रशांतची.

‘बाई, लाइन डेड आहे,’ त्या म्हणाल्या.

मला वाटलं कुणी गेलं की काय. चेहराच तसा होता. जाऊन बघितलं तर मोडेम अडकून बसला होता, दुसरं काही नाही. मी तिन्ही डब्यांच्या वायर काढल्या आणि क्रमाने परत लावल्या. आधी मोडेम, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग राउटर, मग फोनची डबी. मावशी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. फोन उचलून दाखवला, टोन आली. मला वाटलं आता चहा मिळेल. पण त्यांनी स्वेटरच्या खिशातून कागदाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि मला पुन्हा सगळं पहिल्यापासून करायला लावलं. या वेळी नावं सांगत.

तिथून आमची शिकवणी सुरू झाली. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच अख्ख्या बिल्डिंगमध्ये आम्ही तिघीच असायचो, आणि अर्चना झोपलेली असायची. इतक्या वर्षांत माझ्या पदवीबद्दल कुणी मला काही विचारलं नव्हतं, त्यामुळे मी भलतीच खुलले. मोडेम म्हणजे बाहेरची लाइन घरात जिथे येते ते टोक, आणि तिथे कंपनीची भाषा आपल्या यंत्रांच्या भाषेत होते. राउटर म्हणजे आलेलं कुणाचं कुणाला ते वाटून देणारा. ‘म्हणजे ऑपरेटर,’ मावशी म्हणाल्या. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आतला नंबर देतो, बाहेरच्या जगाला मात्र सगळ्या घराचा मिळून एकच दिसतो. ‘म्हणजे एक्स्टेन्शन. पुढे.’ मी काही सांगायला जावं आणि त्यांच्याकडे त्याचा जुना शब्द तयार असावा. कौतुक वाटायचं आणि थोडा हिरमोडही व्हायचा.

पॅकेटपाशी मात्र त्या अडल्या. आवाजाचे बारीक तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यावर कुठे जायचं ते लिहितात, आणि ते तुकडे वेगवेगळ्या रस्त्यांनी जाऊन पलीकडे परत जुळतात, असं मी सांगितलं. त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली.

‘आणि एखादा तुकडा हरवला तर?’

‘तर तो गाळून पुढचे जुळवतात. आपल्याला कळतसुद्धा नाही, मावशी.’

‘कोणता हरवला ते कोणालाच कळत नाही?’

मी नाही म्हटलं. त्यांनी चिठ्ठीवर काहीच लिहिलं नाही. त्या दिवशीची शिकवणी तिथेच संपली, आणि माझ्या मते त्या रात्री नीट जेवल्याही नसाव्यात, कारण दुसऱ्या दिवशी अर्चना मला म्हणाली, ‘प्लीज यार, आईला घाबरवू नको. आधीच ती दिवसातून दहा वेळा ते लाइट्स चेक करते.’

ते खरं होतं. सकाळी देवापाशी निरांजन लावलं की मावशी थेट टीव्हीकडे जाऊन डब्यांचे दिवे बघायच्या. पॉवर, इंटरनेट, फोन. मला त्यांनी एकदा सांगितलं की त्यांना सगळ्यात जड गेलं ते हेच. त्यांच्या बोर्डावर दोन लाइनी पिनांच्या दोरीने जोडायच्या, आणि बोलणं चालू असेपर्यंत त्या दोरीचा दिवा बंद असायचा. माणसाने फोन ठेवला की लागायचा. दिवा लागला की माणूस गेला. इथे सगळं उलटं, दिवा विझला की माणूस गेला. इतक्या वर्षांची नजर एका महिन्यात फिरवायची म्हणजे काय, असं त्या म्हणायच्या. मी तेव्हा हसले होते.

बिनवायरचा फोन त्यांनी घरात ठेवू दिला नाही. त्यात बॅटरी असते आणि बॅटरीचा भरवसा नाही. प्रशांतला दुकानं पालथी घालून वायरवाला फोन आणावा लागला. व्हॅक्यूम क्लीनर त्या भिंतीच्या प्लगला लावायला बंदी होती. डबीवर कुणीतरी दिलेला क्रोशाचा रुमाल होता, तो मी उष्णतेबद्दल बोलल्यावर तासाभरात गेला. आणि लावलेल्या प्रत्येक फोनची एक चिठ्ठी व्हायची. कुठून, कुठे, सुरू किती वाजता, संपला किती वाजता, आणि खाली ‘शेरा’. शेऱ्यात बहुतेक वेळा एकच शब्द असायचा, ‘पूर्ण’. अर्चना म्हणायची की आईची नोकरी सुटली, पण आई नोकरीतून सुटली नाही.

डिसेंबरात बर्फ पडून एकदा वीज गेली. वीसेक मिनिटंच, पण तिन्ही डब्या काळ्या झाल्या. मी मेणबत्ती घेऊन गेले तर मावशी फोनसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, रिसीव्हर कानाला. काही ऐकू येत नव्हतं, तरी. वीज आली, दिवे एकेक करून लागले, आणि मग त्यांनी मला तो प्रश्न विचारला.

‘तार असते तेव्हा तार घरापर्यंत येते. नंबर दिसला की आम्ही घर सांगत होतो, कोणत्या गल्लीतलं ते. हा नंबर तर डबीचा आहे. डबी टेक्ससहून बॅगेत आली. मग उद्या काही झालं आणि इथून तो तातडीचा नाइन वन वन लावला, तर त्यांना आपलं घर कसं कळेल?’

मला उत्तर येत नव्हतं. आणि येत नाही असं म्हणायची माझी तयारी नव्हती. ‘असतं सगळं ऑटोमॅटिक, मावशी,’ मी म्हणाले.

त्यांनी डावा कान माझ्याकडे केला, जणू उत्तराचा एखादा तुकडा राहिला असावा. मग हळूहळू बोलायला लागल्या.

नोकरीच्या पाचव्या का सहाव्या वर्षाची गोष्ट होती. बोर्डाच्या एका लाइनवर पाच खेड्यांचे फोन होते, पाचही पोस्टातले. भर दुपारी त्या लाइनवर एक पुरुष आला आणि सिव्हिल हॉस्पिटल मागितलं. मावशींनी रीतीप्रमाणे विचारलं, कुठून बोलता? तो गप्प. त्या तीनदा हॅलो म्हणाल्या. आणखी चार नंबर खोळंबले होते, वरच्या हुद्द्याची बाई मागे उभी होती. लाइन गेली असं समजून त्यांनी दोरीची पिन ओढली. ओढताना नजर दोरीच्या दिव्याकडे गेली.

‘दिवा लागलाच नव्हता गं,’ मावशी म्हणाल्या. ‘त्याने फोन ठेवला नव्हता. तो तिथेच होता. नुसता बोलत नव्हता.’

त्यांनी पाचही पोस्टांना उलटे फोन केले. दोन ठिकाणी कुणी उचलला नाही, तीन ठिकाणी माहीत नाही म्हणाले. तो कोण होता, कोणत्या गावचा, हॉस्पिटल कुणासाठी हवं होतं, त्या माणसाचं पुढे काय झालं, काही म्हणजे काही कळलं नाही. त्या चिठ्ठीचा शेरा कोराच राहिला.

 मी घरी येऊन दारं लावून कॉम्प्युटरवर शोधलं. ऑटोमॅटिक काहीही नव्हतं. फोन घेताना जो पत्ता दिला असेल, तोच तातडीच्या फोनसाठी धरला जायचा. घर बदललं तर कंपनीच्या साइटवर जाऊन आपणच फॉर्म भरायचा होता. म्हणजे अर्चनाला काही झालं तर फोन वाजणार होता फ्रिस्कोला, आणि ॲम्ब्युलन्स जाणार होती त्यांच्या तिथल्या जुन्या घरी. इथून हजार मैलांहून लांब.

मी प्रशांतला सांगितलं. तो सज्जन मुलगा होता, हसला नाही. ‘हो, पाहिलंय मी ते. या वीकेंडला करून टाकतो,’ म्हणाला. तो वीकेंड त्याला प्लँटवर जावं लागलं. पुढच्या वीकेंडला पासवर्ड चालला नाही. मावशी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर चहा ठेवताना विचारायच्या, ‘प्रशांतराव, तो पत्ता झाला का?’ जावयाला दोनदा विचारणं त्यांना जड जायचं हे दिसत होतं, तरी विचारायच्या. आणि मी? माझ्या घरातली डबी स्टेट कॉलेजची होती. मिलिंदला मी एकदा म्हणाले, तो म्हणाला आपल्याला काय धाड भरलीय. मीही तो विषय तिथेच सोडला.

मावशींनी मग आपल्यापुरता बंदोबस्त केला. एका पुठ्ठ्यावर देवनागरीत इंग्रजी वाक्यं लिहून तो फोनच्या मागे भिंतीला चिकटवला. ‘आय ॲम इन नोव्हाय, मिशिगन. नॉट टेक्सस. माय डॉटर इज प्रेग्नंट.’ त्याखाली बिल्डिंगचा नंबर, रस्ता, घर. ते त्या माझ्यासमोर रोज म्हणून दाखवायच्या. मी समोरच्या ऑपरेटरचं काम करायचे, मुद्दाम घाईघाईने इंग्रजीत प्रश्न विचारायचे. आणि फोनच बंद पडला तर? तर भिंत होती. स्टीलच्या वाटीने भिंतीवर तीन ठोके, की मी असेन तशी निघायचं. तशी रंगीत तालीमही आम्ही केली. अर्चना पोट धरून हसली होती.

जानेवारीच्या मध्यापासून अर्चनाचे पाय सुजायला लागले. रक्तदाब वाढला होता, डॉक्टर दर आठवड्याला बोलवत होते. एका मंगळवारी दुपारी साडेतीनची वेळ दिली होती, प्रशांत तीनला येऊन घेऊन जाणार होता. सकाळी बाहेर आदल्या रात्रीच्या पावसाचा बर्फ झाला होता, झाडांच्या फांद्यांवर काच चढल्यासारखी दिसत होती. अर्चना डोकं दुखतंय म्हणाली, डोळ्यांसमोर काहीतरी चमकतंय म्हणाली, आणि पडून राहिली. मावशींनी दिवे बघितले, मग तिला बघितलं, मग पुन्हा दिवे बघितले. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं.

दोन वाजून काही मिनिटांनी भिंतीवर ठोके पडले. तीन. मी कणकेच्या हातांनी धावले. त्यांचं दार सताड उघडं होतं. फोनकडे जाण्याआधी मावशींनी ते उघडून ठेवलं होतं. अर्चना सोफा आणि टीपॉयच्या मधे जमिनीवर, सगळं अंग ताठ होऊन गदगदत होतं आणि डोळे वर गेले होते. मी कुणाला असं कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं ती मरतेय. खरंच तसंच वाटलं, आणि मी दारातच थांबले.

‘डाव्या कुशीवर घे तिला. तो टीपॉय सरकव,’ मावशी फोनवरच्या आवाजात म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. रिसीव्हर कानाला होता. मग त्याच आवाजात, फोनमध्ये, ‘नो मॅडम. नॉट टेक्सस. नोव्हाय, मिशिगन. एन फॉर नागपूर.’

पलीकडे फ्रिस्कोची बाई होती. तिच्यासमोर फ्रिस्कोचा पत्ता दिसत असणार. मावशींनी पुठ्ठ्यावरचं एकेक वाक्य म्हटलं. तिसऱ्या वाक्याला आवाज हलला, पण तुटला नाही. पत्त्याचे आकडे सुटे सुटे, दोनदा. मग म्हणाल्या, ‘येस मॅडम. होल्डिंग.’ आणि गप्प झाल्या.

अर्चनाचा मोबाइल आदल्या दिवशी प्रशांतच्या गाडीत राहिला होता. आमच्या घरातला एकुलता एक मिलिंदकडे. माझ्या घरातला फोन स्टेट कॉलेजला वाजला असता. त्या वेळी हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं आणि स्वतःची चीड आली. मी अर्चनाचं डोकं धरून ठेवलं. तिच्या तोंडातून फेस येत होता. मावशी काहीच बोलत नव्हत्या. फोनमधूनही काही ऐकू येत नव्हतं. अर्धं मिनिट गेलं असेल, एक गेलं असेल, मला ती सगळी दुपार वाटली.

‘मावशी, लाइन गेली असेल,’ मी ओरडले. ‘ठेवा, परत लावू.’

त्यांनी मान वळवली नाही. डोळे डबीच्या दिव्यांवर होते आणि रिकामा हात प्लगपाशी, कुणी तो ओढेल की काय असा. 

‘दिवा आहे,’ त्या म्हणाल्या. ‘ती आहे.’

‘मावशी, प्लीज.’

‘ती सोडणार नाही. मी नाही ठेवणार.’

आणि मग फोनमध्ये दुसरा आवाज आला, पुरुषाचा, जवळचा. नोव्हायचा. फ्रिस्कोच्या बाईने इथला नंबर शोधून, त्यांना लावून, सगळं सांगून मग जोडून दिलं होतं. मावशींनी पत्ता पुन्हा सांगितला. ॲम्ब्युलन्स निघाल्याचं त्याने सांगितलं तेव्हाही पहिला बायकी आवाज लाइनवरच होता. तो काहीतरी म्हणाला, मावशी ‘थँक यू मॅडम’ म्हणाल्या, आणि मगच तो गेला. दोघं बोलायला लागल्याचं ऐकल्याशिवाय तिनेही लाइन सोडली नव्हती.

सायरन ऐकू आला तोवर अर्चनाचं अंग सैल पडलं होतं आणि श्वास घोरल्यासारखा चालू होता. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. स्ट्रेचर, बर्फावरून घसरणारे बूट, मावशींच्या पायांत बूट नाहीत हे कुणाच्या तरी लक्षात येणं. तासाभरात ऑपरेशन करून मुलगी काढली, पावणेदोन किलोची. ती काचेच्या पेटीत आणि अर्चना शुद्धीवर नाही, अशी ती संध्याकाळ. प्रशांत हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसला होता, मांडीवर लॅपटॉप. मला वाटलं हा आत्ता काम करतोय. जवळ गेले तर तो फोन कंपनीच्या साइटवर पत्त्याचा फॉर्म भरत होता. नोव्हायचं स्पेलिंग त्याला जमत नव्हतं. मावशी समोरच्या बाकावर होत्या. त्यांनी ते पाहिलं, उठल्या, जावयाच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. 

मी घरी आल्यावर आमच्या डबीचा पत्ता बदलला. साडेचार मिनिटं लागली. मिलिंदला मी ते सांगितलंही नाही.

अर्चनाने चौथ्या दिवशी डोळे उघडले. बाळ महिन्याभराने घरी आलं. प्रशांतने भिंतीतला साधा फोन घेतला, मावशींनी तो उचलून टोन ऐकली आणि मान हलवली. आता तरी यांची भीती जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही. उलट त्या महिनाभर फोनला शिवल्याच नाहीत. वाजला की स्वयंपाकघरात जायच्या. नातीला मांडीवर घेऊन तासन् तास बसायच्या आणि मधूनच तिच्या नाकाशी बोट धरून बघायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘तेव्हा नव्हती वाटली नं भीती, ती आता येऊन राहिली.’

एप्रिलमध्ये त्यांची परतीची तारीख आली. जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या माझ्याकडे आल्या. स्वेटरच्या खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. त्या मंगळवारची होती. कुठून, नोव्हाय. कुठे, फ्रिस्को. सुरू, दोन वाजून सहा मिनिटं. संपला, दोन वाजून सतरा मिनिटं. हे त्यांनी कधी लिहिलं असेल देव जाणे. शेऱ्याची जागा रिकामी होती.

‘त्या फ्रिस्कोच्या बाईला फोन लावून देशील?’ त्या म्हणाल्या. ‘तातडीचा नको, साधा नंबर असेल नं त्यांचा. मला त्या माणसाचं काय झालं ते कधी कळलं नाही. हिला तरी कळू दे.’

मी कॉम्प्युटरवर नंबर शोधला आणि आमच्या डबीवरून लावला. एका मुलीने उचलला, मी तिला जानेवारीतला तो मंगळवार, ती वेळ, टेक्ससचा नंबर आणि मिशिगनची बाई असं सगळं सांगितलं. तिने थांबायला सांगितलं. बराच वेळ कुणीच आलं नाही. मग एका बाईचा आवाज आला, तो फोन मीच घेतला होता म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आधी मावशींनी माझ्या हातातून रिसीव्हर घेऊन डाव्या कानाला लावला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. आवाज मात्र परीटघडीचा.

‘येस मॅडम, नोव्हाय, मिशिगन. एन फॉर नागपूर,’ त्या म्हणाल्या. ‘युवर कॉल इज कम्प्लीट, मॅडम. बेबी गर्ल. मदर इज गुड. आय ॲम टेलिंग यू बिकॉज नोबडी टेल्स द ऑपरेटर.’

पलीकडून काहीच आलं नाही. मी मावशींच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी माझ्या डबीच्या दिव्यांकडे पाहिलं, तिन्ही लागलेले होते. रिसीव्हरवर हात ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

‘लाइन आहे,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘ती नुसती बोलत नाहीये.’

आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, फोन कानाला लावून, ती बोलेपर्यंत.